दहावं कारण

दहा मार्कांचा प्रश्न होता तो, आणि आमच्या शाळेत त्याला दहापैकी दहा कधीच कुणाला मिळाले नाहीत. ‘पहिल्या महायुद्धाची राजकीय व आर्थिक कारणे लिहा.’ राजकीय पाच, आर्थिक पाच, एका कारणाला एक मार्क. पोरं रात्रंदिवस पाठ करून यायची, पुरवण्या जोडायची, आणि तरी नऊ. नवाच्या वर सरांचा हात म्हणून जायचा नाही. कुणी रडकुंडीला येऊन विचारलं तर म्हणायचे, "दहावं कारण अजून कोनालेच सापडलं नाई, बापा. मलेही नाई. तुले सापडलं तं सांग, अकरा देतो."

मी त्याच शाळेत गणित शिकवायची. नागपूर आमच्यापासून तुटलं, राजधानी भोपाळ झाली, त्यानंतर तीन-चार वर्षांनी मी बालाघाटला नोकरीला लागले. शाळेत मराठीचे वर्ग होते, हिंदीचेही होते, आणि सर दोन्हीकडे इतिहास शिकवायचे. पोरांनी त्यांचं नाव ‘कारणे सर’ ठेवलं होतं. नवा माणूस ते आडनावच समजायचा. मीही पहिला आठवडाभर त्यांना "कारणे सर, नमस्कार" म्हणत होते आणि ते गंभीरपणे "नमस्कार, बाई" म्हणत होते. माणसानं सांगू नये का? पण नाही.

दिसायला उंच, वाळके, बारा महिने एकच काळा कोट. त्या कोटाचा उजवा खिसा डाव्यापेक्षा वीतभर खाली लोंबायचा, कारण त्यात दगड असायचा. खरोखरचा दगड. भरवेलीच्या खाणीतला मँगनीजचा काळा गोळा, लिंबाएवढा, पण उचलला तर नारळाएवढा जड. खिसा फाटला की शिंपी शिवून द्यायचा आणि म्हणायचा, "सर, यातला गोटा काढा ना." सर म्हणायचे, "तुम्ही खिसा मजबूत करा. गोट्याचं मी पाहीन."

त्यांच्या वर्गात दोन पोट्टे भांडले तर छडी नाही, कान पिळणं नाही. दोघांनाही एकेक कोरा कागद. "लिव्हा. भांडनाची राजकीय कारणं पाच, आर्थिक पाच. त्यानं मले ढकललं, हे लिव्हाचं नाई. ते निमित्त झालं. निमित्त कागदाच्या खाली, येगळ्या रकान्यात. वरतं फक्त कारणं." आता सहावीतल्या पोराला राजकीय कारण कुठून सुचणार? डोकं खाजवत बसायचं. तिसऱ्या-चौथ्या कारणाशी येईपर्यंत दोघंही एकमेकांच्या कागदात डोकावायला लागायचे, पाचव्याला एकमेकांना विचारायला लागायचे. एकदा मी हसून म्हटलं, "सर, ही शिक्षा आहे का अभ्यास?" तर म्हणाले, "दोन्ही नाई, बाई. ही सवय आहे. लहानपनी लागली तं लागली."

हेडमास्तर हिंदीभाषी, भला माणूस, पण निकालाची धास्ती घेतलेला. तो काकुळतीला यायचा, "मास्टरजी, सारी दुनिया पढ़ाती है कि राजकुमार को गोली लगी और लड़ाई छिड़ गई। आप भी इतना तो लिखवा दीजिए।" सर म्हणायचे, "लिखवाता हूँ, साहब। सबसे नीचे।"

आणि स्टाफरूममध्ये नवीन कुणी आलं की चहाच्या पहिल्या कपाबरोबर एक प्रश्न ठरलेला. मलाही विचारला. "बाई, समजा तो युवराज त्या दिवशी घरीच राह्यला. गोळी सुटलीच नाई. तं युद्ध झालं असतं का नसतं?"

ड्रॉईंगचे मास्तर म्हणाले होते म्हणे, झालं असतं. हिंदीचे पंडितजी म्हणाले होते, विधि का विधान. मी गणितवाली. मी म्हटलं, "नसतं झालं. बेरजेतून एक आकडा काढला की उत्तर बदलते, सर. यात इचार कराचं काय आहे?"

सरांनी कप खाली ठेवला. भरलेला कप. उठले आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले, तास व्हायला वेळ होता तरी. मला वाटलं, बाईमाणसानं तोंडावर उत्तर दिलेलं पुरुषांना झेपत नाही, हेच. पंचवीस वर्षांची होते मी. सगळ्या गोष्टींचं तेवढं एकच कारण मला माहीत होतं.

पुढे दर दोन-चार महिन्यांनी ते मला पुन्हा विचारायचे. वेगळ्या तऱ्हेनं, वेगळ्या वेळी, पण तेच. त्या एका गोळीवर या माणसाचं काय अडलंय, हे मला कळेना. एवढं मात्र कोणालाही दिसायचं की ‘गोळी नसती तरी युद्ध झालंच असतं’ असं कुणी म्हटलं की सरांचा चेहरा खुलायचा आणि मी नाही म्हटलं की पडायचा. आणि मी हट्टी. मी दर वेळी नाहीच म्हणायची.

पण त्यांचा तो तास. बाई गं, तो तास!

माझा वर्ग शेजारी, मध्ये नुसती फळ्यांची भिंत. वर्षातून एकदा, हिवाळ्यात, तो धडा यायचा. आधी बराच वेळ काही ऐकू यायचं नाही, कारण तो दगड बाकांवरून फिरत असायचा. मग आवाज. "जड लागला? हात काळे झाले? होऊ द्या, पुसू नका. हा टाकल्याबिगर पोलाद पक्कं होत नाई. रूळ तुटते, तोफ फुटते. आता पाहा, विलायतेच्या भट्टीले हाच पाह्यजे होता आन् जर्मनीच्या भट्टीलेही हाच. आपल्या भरवेलीचा डोंगर खंदला, टोपल्यांनी वाह्यला, छोट्या लाईनीनं गोंदियाले गेला, तिथून बंदरावर, बंदरावरून दोघांच्याही घरी. दोघंही आपले गिऱ्हाईक! मंग त्यायनं एकमेकांवर तोफा डागल्या, तवा इकडच्या तोफीत कोन होतं?" पोरं गप्प. "तिकडच्या तोफीत कोन होतं?" पोरं आणखी गप्प. "आपन होतो, बापा. ज्यायले युरोप नकाशात दाखवता येत नोता, ते आपन. पुस्तकात आपलं नाव शोधान तं भेटनार नाई. हात पाहा, हातावर आहे."

फळ्यांच्या या बाजूला माझं समीकरण अर्धवट राहायचं. माझी पोरं लेखण्या खाली ठेवून भिंतीकडे पाहत बसायची आणि मी त्यांना रागवायची नाही. मी सहजासहजी कुणाला मानत नाही. माझ्या नवऱ्याला विचारा. पण दर हिवाळ्यात त्या तासाला माझ्या अंगावर काटा यायचा. जगाचं एवढं मोठं भांडण या माणसानं उचलून आमच्या बाकावर आणून ठेवलं होतं, आणि ते आमच्याच मातीचं निघालं होतं.

दर रविवारी सकाळी ते स्टेशनवर जायचे. कुठे जायला नाही. मालगाडीच्या वाघिणी मोजायला. स्टेशनातली माणसं त्यांच्यासाठी खुर्ची काढून ठेवायची. "युद्ध पहिले मालगाडीत भरते," ते म्हणायचे, "मंग पेपरात छापून येते." आम्ही हसायचो. मग एका वर्षी दिवाळीच्या आधी ते म्हणाले, वाघिणी वाढून राह्यल्या, काहीतरी होईन, आणि थोड्याच दिवसांत रेडिओवर चीनच्या लढाईची बातमी. त्यानंतर कुणी हसलं नाही. उलट सोमवारी सकाळी हेडमास्तरच हळूच विचारायचे, "मास्टरजी, कल कितनी निकलीं?" पुढच्या वर्षी एकदा वाघिणी खूपच वाढल्या, आम्ही सगळ्यांनी साखर आणि रॉकेल भरून ठेवलं, आणि युद्ध काही आलंच नाही. लाईन दुरुस्तीसाठी बंद होती, साठलेला माल एकदम निघाला होता. सरांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर माफी मागितली. "कारन पाह्याचं सोडून मी गाडी पाह्यली. चुकलं माझं." साखर आम्हाला होळीपर्यंत पुरली.

आता कोंबड्याचं सांगते. त्याच्याशिवाय पुढचं काही समजायचं नाही.

माझे बाबा कचेरीतून पेन्शनीत निघाले आणि राजेगावजवळ आमचं गाव आहे तिथे जाऊन राहिले. तिथली शेती इतकी वर्षं माझे काका, बाबांचे धाकटे भाऊ, पाहत होते. बाबा आले, अर्धी-अर्धी वाटणी झाली. मध्ये धुरा, म्हणजे शेताचा बांध, आणि धुऱ्याच्या टोकाला बोडी, म्हणजे धानाला पाणी देणारं आमचं लहान तळं. ती दोघांत सामाईक, पाणी सोडायची तिची मोरीही. बाबांनी एक कोंबडा पाळला. तांबडा, तुरेबाज, गुर्मीचा. जन्मभर साहेबांना ‘जी हुजूर’ म्हटलेला माणूस, त्याला आता आपल्या अंगणात कुणीतरी छाती काढून ओरडणारं हवं होतं. तो कोंबडा काकांच्या कुत्र्यानं धरून मारला.

बाबांनी कुत्र्याला दगड मारला. काकांच्या पोरानं बाबांचं कुंपण पाडलं. बाबा म्हणाले, बोडीची मोरी उघडशीन तर पाह्यजो. काका म्हणाले, धुऱ्यावर पाय ठेवशीन तर पाय तोडीन. मग लांजीहून माझ्या मामांचा निरोप आला की गुरुवारी चार पोरं घेऊन येतो, काठ्यांसकट. ते काकूच्या भावांना खैरलांजीला कळलं, तर तेही गुरुवारीच निघणार. बुधवारी आईचं पत्र माझ्या हातात पडलं. "तुझ्या बाबांनी कुऱ्हाडीला धार लावून आणली. त्यांच्यानं पळवत नाही आता, त्यांचंच डोकं फुटेल. कसंही करून ये."

मी स्टाफरूममध्ये पत्र धरून बसले होते. सरांनी विचारलं, मी पत्र त्यांच्या हातात दिलं. दोनदा वाचलं त्यांनी, आणि त्यांच्या डोळ्यांत असं काही चमकलं की मला संताप आला. माझ्या घराला आग लागली होती आणि या माणसाला उदाहरण सापडलं होतं.

"दोन्हीकडचे सोयरे निघाले?" ते म्हणाले. "मंग आता कोंबड्याच्या हातात काई नाई राह्यलं, बाई. आता बसच्या हातात आहे. तिकडंही असंच झालतं. याचा सोयरा तो, त्याचा सोयरा हा, आन् एकदा गाड्या सुटल्या म्हनजे कोन्या राजाले थांबवता आलं नाई. लांजीची बस कवा येते?"

"दुपारी."

"मंग आपन सकाळीच जाऊ."

"आपन?" मी म्हटलं. "सर, तुमी कायले? तुमचा काय संबंध?"

ते उठले. नोकरीत पहिल्यांदाच रजा मागायला गेले. हेडमास्तरांनी चष्मा काढला. "छुट्टी का कारण क्या लिखूँ?" सर म्हणाले, "कारण लंबा है, साहब। निमित्त लिखिए, मुर्गा।"

गुरुवारी सकाळी आम्ही गावात उतरलो. सर आमच्या घरी आले नाहीत, काकांच्याही गेले नाहीत. सरळ धुऱ्यावर गेले, मोहाच्या झाडाखाली बसले, खिशातला दगड काढून कागदांवर ठेवला आणि दोघांना बोलावणं धाडलं. त्यांचा काळा कोट पाहून काकांना वाटलं बाबांनी कचेरीतला साहेब आणला. बाबांना वाटलं काकांनी वकील आणला. त्या एका गैरसमजापायी दोघंही हातातलं घरी ठेवून, टोपी घालून आले.

"मी बाईच्या शाळेतला मास्तर," सर म्हणाले. "भांडन थांबवाले नाई आलो. भांडन नीट लिहून घ्याले आलो. राजकीय कारणं पाच, आर्थिक पाच, दोघांचीही. लिहून होईपर्यंत कोनी काठी उचलाची नाई. मंग खुशाल डोस्की फोडा. मी साक्षीले राहीन."

लिहून घेणार म्हटल्यावर दोघंही नरमले. आमच्याकडे कागदावर चढलं की भांडणाला मान येतो.

"त्याच्या कुत्र्यानं माझा कोंबडा..." बाबांनी सुरुवात केली.

"निमित्त. खालच्या रकान्यात. पुढे?"

"त्यानं माझ्या कुत्र्याले..." काका म्हणाले.

"निमित्त. खाली. कारन सांगा."

अर्धा तास दोघं नुसते घाम पुसत बसले. मग आर्थिकातलं पहिलं आलं, ते पाण्याचं. धानाच्या रोवणीच्या वेळी पाणी दोघांनाही एकाच दिवशी लागायचं आणि मोरी एकच. काका म्हणाले, माझे पऱ्हे, लावायची कोवळी रोपं, दोन वर्षं पिवळे पडले. सरांनी लिहिलं. मग दुसरं, मग तिसरं. चौथ्याला काका थांबले, मातीत काडीनं रेघा ओढत म्हणाले, "राजकीय म्हनजे मानापानाचं चालते का?"

"तेच तं राजकीय," सर म्हणाले.

"मंग लिव्हा. हिच्या मोठ्या बहिनीच्या लग्नात यानं याहीले पहिले दुपट्टा देल्ला. मले मांगून. मी सख्खा भाऊ. मांडव मी घातला, लाकडं मी फोडली, आन् दुपट्टा मले सातवा."

लग्नात मानाचा दुपट्टा कुणाच्या खांद्यावर आधी पडतो, व्याह्याच्या का घरच्या भावाच्या, यावरून आमच्याकडे पिढ्या अबोल राहतात. अकरा वर्षं झाली होती त्या लग्नाला. अकरा वर्षांत काका त्याबद्दल एका शब्दानं बोलले नव्हते.

दुपारी बस आली. मामा आणि चार पोरं काठ्या घेऊन धुऱ्याकडे येताना दिसली. पलीकडून खैरलांजीवालेही निघाले. सरांनी मान वर केली नाही. "बसा," म्हणाले. "बाबांचं चौथं चालू आहे. कोनाले त्यात भर घालाची असन तं हात वर करा." पाहुणे गोंधळून उभेच राहिले, मग उन्हाचे म्हणून सावलीत सरकले, मग बसले. थोड्या वेळानं मामाच म्हणाले, "भाऊजी, ते कुंपनाचं आर्थिकात जाते, राजकीयात नाई." त्यावर खैरलांजीवाला म्हणाला, "कसं काय? जागा कोनाची, हे राजकीयच!" आणि त्यांचाच वाद जुंपला. काठ्या मोहाला टेकलेल्या होत्या.

बाबांचं पाचवं राजकीय कारण काही निघेना. मग धुऱ्याकडे पाहत म्हणाले, "हा चौथीत होता. माझ्याहून हुशार. मले शिकवाचं म्हनून याले शाळेतून काढलं आन् नांगराले जुंपलं. मी याच्या जिवावर साहेब झालो. आता याच्यासमोर आलो की मले माझीच लाज वाटते आन् मंग रागच येते. हे कोन्या रकान्यात लिव्हता, मास्तर?"

काकांनी तोंड फिरवलं. मला तर समोरचं दिसेना.

सरांनी ते लिहून घेतलं. मग लेखणी थांबवून त्यांनी काकांना विचारलं, आवाज इतका बारीक की मी वळून पाहिलं. "एक सांगा. कोंबडा मेला नसता तं? तं हे सारं झालं नसतं का?"

काका म्हणाले, "कोंबडा नसता तं बकरी असती, मास्तर. लाकडं सारी वाळून ठेवली होती. काडी कोनाची पडली, त्याले काय इचारता?"

"पुन्हा सांगा."

"म्हटलं, कोंबडा नसता तं बकरी असती."

सरांनी तेही लिहिलं, हळूहळू, एकेक अक्षर. मला वाटलं उन्हाचा त्रास झाला. मी पाणी आणून दिलं.

त्या दिवशी कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही. ते तसं होत नसतं. मोरीचं ठरलं, एक दिवस यांना, एक दिवस त्यांना. पाहुण्यांना जेवू घालावं लागलं, त्यात आणखी दोन कोंबडे गेले. निघताना सरांनी दोन्ही कागदांवर लाल पेन्सिलीनं मार्क दिले. बाबांना नऊ, काकांना नऊ. काका म्हणाले, "दहा काहून नाई?" सर म्हणाले, "दहावं असते. पन ते ज्याचं त्यानं घरी जाऊन लिव्हाचं." पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. पहिला दुपट्टा काकांच्या खांद्यावर पडला, आणि पाय तोडण्याची भाषा करणारा तो माणूस मांडवात पोरासारखा रडला.

लग्नानंतरही मी त्याच शाळेत राहिले. सर निवृत्त झाले. मराठीच्या वर्गात पोरं कमी होत गेली. सर स्टेशनजवळ एका खोलीत एकटेच राहायचे, रविवारचं मोजणं चालू होतं. मग एका रविवारी खुर्ची रिकामी राहिली. स्टेशनातल्या माणसानं शाळेत निरोप दिला आणि मी दुपारी गेले.

खाटेवर बसले होते, पाठीला उशी. कोट खुंटीला, त्याचा खिसा तसाच लोंबत. मला म्हणाले, "बरं झालं, तुमीच आल्या. तुमी गणिताच्या. एक उत्तर तपासून पाह्यजे."

वही दिली. जाड, शिवलेली, कडा काळ्या पडलेल्या. आत पान-पान भरून महायुद्धाची कारणं, चाळीस वर्षांची, बारीक अक्षरात. पण त्यांनी मला शेवटचं पान उघडायला लावलं. तिथे वर युद्धाचं नाव नव्हतं. वर लिहिलं होतं, ‘दादा बसऱ्याला मेला त्याची कारणे.’

मी त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून दादा हा शब्द मी ऐकला नव्हता.

"मी आठ वर्साचा होतो," ते म्हणाले. "बाबा आन् दादा दोघंही खानीवर. दादाले इंजिनाचं भारी वेड. एक दिवस तो काम सोडून टेसनावर जाऊन बसला. मी पाह्यलं आन् घरी येऊन बाबाले सांगतलं. उगीच. शाबासकीसाठी. बाबानं त्याले सगळ्या खानीसमोर फावड्याच्या दांड्यानं मारलं. अठरा वर्साचं पोरगं. तो तसाच उठला, टेसनावर गेला. तिथं फौजेचे भरतीवाले बसलेच होते, त्यायनं इराकात बसऱ्याच्या लढाईवर नेला. मंग एक कागद आला घरी. तोफगोळा, म्हने." खुंटीवरच्या कोटाकडे त्यांची नजर गेली. "बाबा मरेपर्यंत म्हनत, मीच खंदला, मीच धाडला. मी म्हनो, नाई बाबा, सांगतलं मी."

मी पान वाचलं. राजकीय पाच. राजेराजांचे करार, कुणी कुणाच्या बाजूनं उभं राहायचं ते, आपण पारतंत्र्यात असणं. आर्थिक चार. भट्ट्यांची भूक, खाणीतली घटलेली मजुरी, भरतीचा जास्तीचा पगार, त्या वर्षी न पिकलेलं धान. नऊ झाली. दहाव्या आकड्यापुढे एकच अक्षर होतं. ‘मी.’

तेव्हा मला त्यांचा तो प्रश्न समजला. गोळी सुटलीच नसती तर, बाई? आणि मी, शहाणी, दर वेळी काय उत्तर देत आले होते! चहाचा भरलेला कप मला दिसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुमी म्हटलं होतं," सर म्हणाले. अजिबात राग नव्हता, खरंच विचारत होते. "बेरजेतून एक काढला तं उत्तर बदलते. मी लय तपासलं. बरोबर आहे का ते?"

मी आयुष्यात माझं उत्तर कधी मागे घेतलं नाही. घरातली माणसं सांगतील.

"म्हटलं होतं," मी म्हणाले. "पन ते कोंबड्याच्या आधी म्हटलं होतं, सर."

पर्समध्ये माझी लाल पेन्सिल असायचीच. ती काढली आणि दहाव्या आकड्यापुढचं ते ‘मी’ खोडलं. एकच सरळ रेघ, पोरांच्या वहीत चुकीची पायरी खोडते तशी.

सर दचकले. "काहून खोडलं?"

"चुकीच्या रकान्यात आहे. हे निमित्त झालं. निमित्त कागदाच्या खाली. कायदा तुमचाच आहे, मी नाई केला." मी पानाच्या तळाशी रेघ मारली आणि तिच्याखाली लिहिलं, ‘आठ वर्षांच्या पोरानं घरी सांगितलं.’ आणि वही त्यांच्यासमोर धरली.

त्यांनी वही जवळ ओढून ती ओळ वाचली. बोट फिरवलं तिच्यावरून. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसलं नाही.

"मंग नऊच झाले," शेवटी म्हणाले.

"नऊच," मी म्हटलं. "तुमच्या शाळेत दहा कोनाले भेटले आतापर्यंत?"

आधी नुसते खांदे हलले. मग ते हसले. बारा-तेरा वर्षांच्या ओळखीत मी त्यांना पहिल्यांदा मोठ्यानं हसताना ऐकलं, खोकला येईपर्यंत. मग डोळे पुसत म्हणाले, "मार्क लिव्हा, बाई. लालनं लिव्हा."

मी नऊ लिहिले, खाली सही केली आणि चहा ठेवायला उठले. त्या दिवशी त्यांनी कप पूर्ण प्यायला.